पालावर हल्ला झाला, तर शेजाऱ्यांनी काय करायचं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूर शहराच्या हद्दीला लागून असलेल्या एका वसाहतीसमोर मोकळ्या प्लॉटवर चार कुटुंबं पालं ठोकून राहतात. फुगे विकणं, भंगार गोळा करणं ही त्यांची कामं. गेल्या आठवड्यात रात्री दुचाकींवरून सात-आठ तरुण आले, 'पोरं पळवायला आलाय' म्हणत पालात शिरले, काठ्यांनी मारलं, एका पालाची ताडपत्री पेटवली. एका बाईचा हात सुजून आहे, मोडला असावा. पोलिसांत कोणी गेलं नाही. वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गेले तर बरंच होईल' असं लोक लिहू लागले. प्रश्न विचारणाऱ्या ताई म्हणतात, "आम्हा दोघी-तिघींना झोप नाही. पण ते लोक स्वतःच तक्रार नको म्हणतात. मग त्यांना दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी हलवून द्यावं का?"

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. हलवू नका. त्यांना स्वतःहून जायचं असेल तर तो त्यांचा हक्क आहे, त्यांना अडवू नये. पण तुमच्याकडून टेम्पो ठरवून देणं, 'नदीच्या बाजूला जा, तिकडं बरं पडेल' असं सुचवणं, हे आत्ता नको.

मी वकील आहे. पालावर, पुलाखाली, बसस्थानकाच्या आडोशाला राहणाऱ्या कुटुंबांची कामं बरीच वर्षं करते आहे. अशा हल्ल्यात मारणाऱ्यांना काही लुटायचं नसतं. पालात लुटण्यासारखं असतं तरी काय? त्यांना एवढंच हवं असतं की सकाळी प्लॉट मोकळा दिसावा. आणि बहुतेक वेळा तसंच होतं. उजाडायच्या आत बिऱ्हाड उचललं जातं. मग फिर्यादी नाही, साक्षीदार नाही, जखमेचा दाखला नाही, पंचनाम्याला जागासुद्धा नाही. पोरांना कळतं की याने काम होतं. वसाहतीलाही कळतं, आणि ते जास्त वाईट. तेच कुटुंब दुसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणखी अंधारात, आणखी अनोळखी माणसांत पाल ठोकतं. ज्या दुकानदाराकडे उधारी चालायची तो मागे राहतो, भंगारवाल्याकडचे पैसे बुडतात, पोरीचं नाव ज्या शाळेत कसंबसं घातलं होतं ती शाळा सुटते. चांगल्या मनाने केलेलं स्थलांतरसुद्धा त्या रात्रीचं काम पूर्ण करून देतं. म्हणून माझा सगळा जोर एकाच गोष्टीवर असतो: कुटुंब जागेवर राहिलं पाहिजे आणि नोंद कागदावर आली पाहिजे. हे दोन्ही शेजाऱ्यांच्या मदतीशिवाय होत नाही.

आता 'तक्रार नको' याबद्दल. हे वाक्य ऐकून बहुतेक लोक सुटकेचा श्वास सोडतात. तुम्ही तसं करू नका. त्या नकारामागे काय असतं ते मी असंख्य वेळा ऐकलं आहे. पहिली भीती मुलांची. घर नसलेलं, आधार नसलेलं मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' या व्याख्येत बसतं, त्याला बालकल्याण समितीपुढे नेता येतं. कायद्याची कलमं पालावर कोणाला ठाऊक नसतात, पण 'सरकार पोरं घेऊन जातं' हे प्रत्येक आईला ठाऊक असतं. 2015 च्या बालन्याय कायद्यातच लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. ही गोष्ट तिला कोणी सांगितलेली नसते. दुसरी भीती ठाण्याची. तक्रार द्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही कुठले, इथे कसे, आधार कार्ड कुठाय?' मार खाल्लेल्या माणसाची चौकशी आधी सुरू होते. त्यात 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आहेच. आजीने सिग्नलला कधी हात पसरला असेल तर ती धास्तावलेली असते. तिसरी गोष्ट साधी, पोटाची. तारखेचा दिवस म्हणजे बुडालेली रोजी. आणि मारणारे पुन्हा येतील हे तर आहेच.

म्हणून 'तक्रार करायची का?' असा प्रश्नच विचारू नका. त्याचं उत्तर 'नको' असंच येणार. 'चला, हात दाखवून येऊ, मी सोबत आहे' असं म्हणा. दवाखान्याला सहसा नकार येत नाही.

सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात न्या. त्या बाईच्या हाताचा एक्स-रे हा तुमच्या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. कारण हाड मोडणं ही कायद्याच्या व्याख्येनेच गंभीर दुखापत ठरते. साधी मारहाण आणि गंभीर दुखापत यांत काय फरक पडतो ते पुढे सांगते. डॉक्टरांनी 'काय झालं?' विचारलं की 'पडले' असं सांगायचं नाही. जे घडलं ते सांगायचं: काठीने मारलं, अमुक दिवशी रात्री, इतके जण होते. केसपेपरवर मेडिकोलीगल नोंद, म्हणजे एमएलसी, झाली पाहिजे. ती झाली की माहिती रुग्णालयातल्या पोलीस चौकीला जाते आणि घटनेची पहिली सरकारी नोंद तिथे तयार होते. आठवडा उलटला आहे, वळ फिके पडले असतील, तरी जा. डॉक्टर जखमेचं वय लिहितात आणि मोडलेलं हाड आठवड्यात लपत नाही. भाजल्याच्या खुणा असतील तर त्याही दाखवा. मुलांनाही तपासून घ्या. कागदपत्रं नाहीत म्हणून तातडीचे उपचार कोणी नाकारू शकत नाही. सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने आधी जीव पाहायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगून ठेवलं आहे.

मग ठाणं. इथे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे फिर्याद पीडितानेच द्यावी असं काही नाही. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय करू शकतात असा गुन्हा, घडल्याचं ज्याला माहीत आहे तो कोणीही खबर देऊ शकतो. तुम्ही गॅलरीतून पाहिलं असेल, ओरडा ऐकून खाली आला असाल, सकाळी जळकी ताडपत्री पाहिली असेल, तर जेवढं पाहिलं तेवढंच लिहून फिर्याद द्या. न पाहिलेलं घालू नका. वसाहतीत राहणारी, पत्ता असलेली, मोबाइल नंबर असलेली बाई फिर्यादी म्हणून समोर बसली की ठाणे अंमलदाराची भाषा बदलते. हे बरोबर आहे का? नाही. पण आज तसं आहे, आणि तुमच्या पत्त्याचा उपयोग त्यांना होऊ दे.

ठाण्यात एक धोका असतो, तो आधीच समजून घ्या. 'किरकोळ मारहाण आहे, एनसी करून देतो.' एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. साधी दुखापत, शिवीगाळ, साधी धमकी हे अदखलपात्र प्रकार आहेत. त्यांची नोंद होते, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. एनसीची पावती हातात आली की लोकांना वाटतं तक्रार झाली. तिथेच प्रकरण संपतं. तुमच्या प्रसंगात मात्र एनसीवर थांबायचं काही कारण नाही. हाड मोडलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 117(2) लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा. आग लावल्याबद्दल कलम 326. सात-आठ जण एका उद्देशाने जमले, म्हणजे बेकायदेशीर जमाव आणि दंगल. एका घटनेत एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र मानलं जातं, तसं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटल्याची पद्धत सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम 174 मध्ये लिहिलेलं आहे.

आणि माझ्या अनुभवात सगळ्यात कमी वापरलं जाणारं, पण पालासाठी सगळ्यात मोलाचं म्हणजे न्याय संहितेचं कलम 333. मारण्याच्या तयारीने कोणाच्या घरात घुसणं. शिक्षा सात वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. ठाण्यात म्हणतील, 'अहो, घर कुठाय? प्लॉट तर दुसऱ्याचा.' त्याच संहितेचं कलम 329 दाखवा. गृह-अतिक्रमणाच्या व्याख्येत इमारतीच्या बरोबरीने माणसाच्या राहण्यासाठी वापरला जाणारा तंबू लिहिलेला आहे. जुन्या 1860 च्या दंड संहितेतही होता. जिथे ताडपत्री ताणून चूल मांडली आहे, मुलं झोपतात, ते कायद्याच्या लेखी राहण्याचं ठिकाण आहे. जमिनीचा मालक कोण हा प्रश्न वेगळा. इथे ताबा कोणाचा होता ते पाहिलं जातं. अगदी उघड्या फुटपाथवर, डोक्यावर काही नसताना झोपलेल्यांना या कलमाचा आधार मिळणं अवघड आहे. पण पाल असेल तर फिर्यादीत 'राहत्या पालात घुसून' हे शब्द आलेच पाहिजेत. नुसतं 'मोकळ्या जागेत मारहाण' असं लिहिलं की कलम 333 हातचं जातं.

कधी कधी 'चौदा दिवस प्राथमिक चौकशी करतो, मग बघू' असं सांगितलं जातं. ती सोय तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे, तीही उपअधीक्षकाच्या परवानगीने. सात वर्षांच्या गुन्ह्याला ती लागू नाही, हे शांतपणे सांगा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. नोंदच घेत नसतील तर तोच मजकूर लिहून रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथूनही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्ये हाच रस्ता दिला आहे.

पत्त्याचं फार महत्त्व आहे. आपल्याकडे अशा फिर्यादींत 'रा. फिरस्ते' एवढंच लिहून मोकळे होतात. पुढे समन्स निघतं, 'पत्ता मिळून येत नाही' असा शेरा मारून परत येतं आणि साक्षीदाराअभावी आरोपी सुटतात. हल्ला खरा असूनही खटला हातून जातो तो बहुतेक इथेच. म्हणून प्रत्येक साक्षीदाराचं सध्याचं ठिकाण खुणेसकट, मूळ गाव आणि तालुका, गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाचं नाव, कोणाचा तरी चालू फोन नंबर, आणि निरोपासाठी तुमचा पत्ता, एवढं सगळं कागदावर आणा. जबाबासाठी त्या बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथे येऊन जबाब घ्यावा लागतो. म्हणजे पालावर. मुलांचंही तसंच. कुटुंब हंगामाप्रमाणे पुढे जाणार असेल तर तपास अधिकाऱ्याला विनंती करा की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब लवकर नोंदवा. खटल्यात साक्षीला त्यांना यावं लागेलच, पण त्या जबाबामुळे नंतर दबाव टाकून कोणाला फिरवणं कठीण जातं.

जळकी ताडपत्री, फुटलेली भांडी, काठ्या यांना पंचनामा होईपर्यंत हात लावू नका, लावूही देऊ नका. फोटो आत्ताच काढा. समोरच्या दुकानांचे, बंगल्यांचे सीसीटीव्ही थोड्या दिवसांत आपोआप पुसले जातात. आठवडा गेलाच आहे, तेव्हा आज संध्याकाळीच दारोदार विचारा आणि फुटेज जपून ठेवण्याबद्दल पोलिसांना लेखी द्या.

कुटुंबाची जात विचारावी लागेल. ते अवघड आहे, पण टाळू नका. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, मांग गारुडी अनुसूचित जातीत. ते असतील आणि हल्लेखोर त्या वर्गांतले नसतील, तर ॲट्रॉसिटी कायदा लागतो. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो आणि आर्थिक साहाय्याचा पहिला हप्ता गुन्हा नोंदल्यावरच मिळायला हवा. जातीचा दाखला नाही म्हणून हे कलम लावायचं थांबवू देऊ नका, दाखला मागून आणता येतो. पण डवरी गोसावी, नंदीवाले, घिसाडी हे भटक्या जमातींत मोडतात आणि त्यांना या कायद्याचं संरक्षण नाही. एकाच प्लॉटवरच्या शेजारच्या दोन पालांना एकाच रात्री एकाच काठीने मार बसतो आणि कायदा एकाला जवळ घेतो, दुसऱ्याला नाही. ही उणीव मला फार टोचते. त्यांच्या बाबतीत इतर कलमं अधिक काळजीने लावून घ्यावी लागतात, एवढंच आज हातात आहे.

आता कोल्हापूरच्या बाबतीत एक खास गोष्ट. गुन्हा दाखल होतोय असं दिसलं की एखादं मोठं माणूस पुढे येईल. 'पोरं आपलीच हाईत, चुकली. तालमीत बसून मिटवून टाकू की.' माझ्या मनात तालमींबद्दल आदर आहे. पुरात याच तालमींची आणि मंडळांची पोरं गळाभर पाण्यात उतरून माणसं काढत होती. त्या वडीलधाऱ्यांचा शब्द पोरं पाळतात हेही खरं, आणि तो शब्द आपल्याला हवाच आहे: पुन्हा त्या प्लॉटकडे कोणी फिरकणार नाही, यासाठी. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी एफआयआर, मग बैठक. उलटं झालं तर त्या बाईच्या हातावर चार नोटा ठेवल्या जातात आणि रात्री पाल उठतं. कलम 333 सारखे गुन्हे आपसांत मिटवता येत नाहीत, हे बैठकीत सगळ्यांसमोर स्पष्ट बोला. त्याने फिर्यादीवरचा दबाव कमी होतो, कारण मग 'माघार घे' म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही.

मुलं पळवण्याच्या अफवेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ती इथे सहज पेट घेते आणि त्याला इतिहास आहे. 1996 मध्ये गावित मायलेकींचं प्रकरण उघडकीस आलं. लहान मुलांना पळवून, चोऱ्यांसाठी वापरून मारून टाकल्याचं. 2001 मध्ये कोल्हापूरच्या न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. त्या काळात ज्यांची मुलं लहान होती ते आज आजी-आजोबा आहेत. त्यांच्या मनातली भीती खोटी नाही, तिची चेष्टा करू नका. पण त्या तिघींचा गुन्हा पदराखाली लेकरू घेतलेल्या प्रत्येक अनोळखी बाईच्या माथी मारला गेला, आणि आता मोबाइलवर तो दर काही महिन्यांनी नव्याने मारला जातो.

याचा शेवट कुठे होतो ते आपण पाहिलं आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मंगळवेढा भागातल्या पाच डवरी गोसाव्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. 2024 मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. पण बाजाराला आलेल्या शेकडो माणसांपैकी कोणी आधी मध्ये पडलं असतं तर? 2022 च्या सप्टेंबरात आपल्या शेजारी, जत तालुक्यातल्या लवंग्यात, चार साधूंना याच संशयावरून मारलं. तेव्हा जीव वाचले. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीविरुद्ध सविस्तर निर्देश दिले आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. म्हणून तुमच्या अर्जात 'मुलं पळवण्याच्या अफवेवरून जमावाने हल्ला' हे शब्द ठळक लिहा. त्याने प्रकरणाचं वजन बदलतं.

ग्रुपवर काय लिहायचं? भाषण नको. आधी ठाण्यात जाऊन विचारा की या भागात मूल हरवल्याची तक्रार आहे का. मग तेवढंच टाका: 'मी स्वतः ठाण्यात विचारून आले, अशी कोणतीही तक्रार नाही. ही कुटुंबं गेल्या दिवाळीपासून इथे आहेत, त्यांची मुलं समोरच्या शाळेत जातात.' (जे खरं असेल ते लिहा.) एका खऱ्या नावाने टाकलेली पडताळलेली ओळ बहुतेक वेळा पुरते. ज्यांना मनातून हे पटत नव्हतं पण बोलता येत नव्हतं, ती माणसं मग बोलू लागतात. असे लोक प्रत्येक वसाहतीत असतात आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त असतात.

वसाहतीची बाजूही ऐका. घाण होते, उघड्यावर बसतात, रात्री भांडणं होतात, सायकल चोरीला गेली, या तक्रारींतली पहिली दोन तरी खरी असणार. चार कुटुंबांना पाणी आणि संडास नसेल तर दुसरं काय होईल? बाया पहाटे चारला अंधारात आंघोळ उरकतात, दिवसभर पाणी कमी पितात, रात्री एकटीने जायला नको म्हणून पोटात कळ धरून ठेवतात. त्यांच्यावरच्या लैंगिक हल्ल्यांच्या बहुतेक जागा याच, संडासाला जाण्याच्या वाटेवरच्या. ही कुटुंबं पाल ठोकताना दिव्याचा खांब, एटीएमचा उजेड पाहून जागा निवडतात. झोपताना आई तान्ह्याच्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला बांधते. आपण त्यांना मुलं पळवणारे म्हणतो, आणि त्यांना रात्रभर स्वतःच्याच मुलांना कोणी नेईल याची धास्ती असते. तेव्हा वॉर्ड कार्यालयात निवेदन द्यायचंच असेल तर 'यांना हटवा' असं न देता 'फिरतं शौचालय, पाण्याची टाकी आणि खांबावर दिवा द्या' असं द्या. सह्या मिळतात, कारण घाणीचा त्रास त्या सह्या करणाऱ्यांचाही मिटतो.

'निवारा केंद्रात जाऊ दे त्यांना' असंही कोणी म्हणेल. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिलेल्या निकषाप्रमाणे एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा, वर्षभर चोवीस तास चालणारा एक निवारा हवा. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती, म्हणजे किमान पाच. एकट्या वृद्धासाठी, टाकून दिलेल्या बाईसाठी निवारा जीव वाचवतो. पण कुटुंबाला तिथे पाठवण्याआधी विचारा: नवरा-बायको-मुलं एकत्र राहतील का? बाप्यांची खोली वेगळी, बायांची वेगळी असेल आणि भंगाराची गाडी ठेवायला जागा नसेल, तर कुटुंब चार दिवसांत परत रस्त्यावर येतं. कुटुंबांसाठी वेगळ्या खोल्यांची मागणी आपण शहर म्हणून करायला हवी. 2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी फुटांनी ओलांडली, तेव्हा शाळा आणि मंगल कार्यालयं एका रात्रीत उघडली होती. अंथरुणं, जेवण, औषधं घराघरांतून आली. कुटुंबं एकत्र राहतील अशी सोय करायला तेव्हा या शहराला जमलं होतं.

आणि हे शाहू महाराजांचं शहर आहे असं आपण अभिमानाने म्हणतो, तर त्यांनी नेमकं काय केलं तेही सांगते. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा देशातून जायला 1952 उजाडलं. महाराजांनी 1918 मध्येच आपल्या संस्थानात काही जातींच्या मागे लागलेली रोजची हजेरी बंद केली, फासेपारध्यांना नोकऱ्या दिल्या, राहायला जागा दिली. चोरी झाली की आधी पालं तपासायची, ही त्याच जुन्या कायद्याची सवय आहे. तुमच्या वसाहतीतली सायकल गेली तेव्हा पहिला संशय कोणावर घेतला होता, ते ग्रुपवर मागे जाऊन वाचा.

कधी पाल उठवणारा हात गणवेशातल्या माणसाचा असतो. मोठा उत्सव, मोठ्या माणसाचा दौरा आला की पहाटे झोपलेल्या माणसांवर पाणी ओतून उठवलं जातं, सामान गाडीत टाकून नेलं जातं. अशा वेळी वेळ, गाडीचा नंबर आणि नेलेल्या सामानाची यादी लिहून ठेवा. कागदपत्रांची पिशवी त्या सामानात जाते, आणि ती पुन्हा उभी करायला कुटुंबाला वर्षं लागतात. भटक्या-विमुक्तांच्या जातदाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागितला जातो. फिरत्या माणसाकडे आजोबांचा एखादा कागद असलाच तर तो त्या पिशवीतच असतो. त्यांची परवानगी घेऊन सगळ्या कागदांचे फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा.

मतदार नोंदणीचंही सुचवते. बेघर माणसाला त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का पाहतो, एकापेक्षा जास्त रात्री पाहतो, आणि नोंद करतो. मतदार यादीत नाव आलं की नगरसेवकाच्या बोलण्यातला फरक महिन्याभरात कळतो.

तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार: यात आपल्याला धोका किती? थोडा आहे. हल्लेखोर जवळपासचे असतील तर टोमणे येतील, घरच्यांवर दबाव येईल. म्हणून एकटीने जाऊ नका. तुम्ही दोघी-तिघी आहात, तिघींनी सह्या करा आणि एकीने फिर्याद द्या, बाकीच्या साक्षीदार व्हा. धमकी आली तर त्याच दिवशी लेखी कळवा, फोनवर आली तर रेकॉर्ड जपा. रात्री पुन्हा दुचाकी फिरताना दिसल्या तर 112 लावा आणि गॅलरीतला दिवा लावून उभ्या राहा. खाली उतरून भिडू नका.

तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, ती तारीख लिहून ठेवा. कुटुंब पुढे गेलं तर नवीन ठिकाण तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. कोर्टात सरकारी वकील असतोच, पण त्या बाईच्या बाजूने पाहायला वेगळा वकील हवा. 15100 वर फोन करून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागा. बाईला आणि मुलांना तो मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आधी मात्र तिला सीपीआरला घेऊन जा. शक्य असेल तर आजच.